रोज गाडी चालवणाऱ्यानं पायात काय घालावं?

एका तरुण भावाचा प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात ते बचत गटांच्या कर्जवसुलीचं काम करतात. १२५ सीसीची गाडी, रोज सात-आठ गावं, साठ-सत्तर किलोमीटर. आजवर पायात कधी चप्पल, कधी सँडल. मागच्या महिन्यात फाट्यावर वळताना गिट्टीवरून गाडी घसरली आणि उजव्या पायाचा अंगठा सोलून निघाला. आता बूट घ्यायचाय, पण दोन हजारांच्या वर जायची तयारी नाही. मित्र म्हणतो रायडिंग बूटच घे, भाऊजी म्हणतात कंपनीत देतात तसले सेफ्टी शूज घे, दुकानदार स्पोर्ट्स शूज पुढे करतो. मीटिंगला प्रत्येक घरी पायातलं बाहेर काढावं लागतं, आणि मे महिन्यात बूट घातला की पाय उकडून निघतात. शेवटच्या ओळीत विचारलंय, रविवारी बायको मागे बसते, तिच्या पायांचं काय?

मी याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ड्रेसर, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारा आहे. गाडीवरून पडून सोललेलं, फाटलेलं आधी माझ्या टेबलावर येतं. गावाहून तालुक्याला मी स्वतः स्प्लेंडरनं ये-जा करतो, बारा महिने. बुटांचा व्यापारी नाही, पण पडल्यावर कोणत्या बुटातला पाय कसा निघतो ते रोज बघतो. त्या अनुभवावर सांगतो.

तुम्ही विचारलंय, सगळ्यात मजबूत कोणता. त्याचं उत्तर अगदी सोपं आहे: मोटरसायकलसाठीच बनवलेला, ईएन १३६३४ हे युरोपीय मानक पाळणारा बूट. त्या मानकात बूट डांबरावर किती घासला तर फाटतो, आडवा दाब आला तर किती चेपतो, हे तपासूनच शिक्का मारतात. पण असा चांगला बूट तुमच्या बजेटच्या तिपटी-चौपटीत जातो, आणि पैसे असले तरी तुमच्या कामात तो रोज घातला जाणार नाही. दिवसातून आठ वेळा तो काढायचा-घालायचा म्हटलं की तिसऱ्या दिवशी तुम्ही परत चपलेवर येणार. खुंटीला टांगलेला महागाचा बूट काय कामाचा? तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे की मे महिन्यातल्या दुपारी, पाचव्या गावातून सहाव्या गावाला निघताना, घाईत असतानाही तुमच्या पायात जे असेल, ते कामाचं कसं असेल.

हे धरून चाललं तर माझा क्रम असा लागतो. पहिलं, पडल्यावर पायातून निघता कामा नये. दुसरं, घोटा झाकला पाहिजे. तिसरं, सोल पेडलवर आणि जमिनीवर धरला पाहिजे. बोटांवरची स्टीलची टोपी शेवटी. लोक नेमका उलटा क्रम लावतात. दुकानात शिरल्या शिरल्या टोपीवर टिचकी मारून बघतात आणि टाच मागून ढिली आहे याकडे लक्षच देत नाहीत.

घोट्याचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. माझ्याकडे पायाच्या ज्या जखमा येतात त्यातल्या बऱ्याचशा भन्नाट वेगातल्या नसतात. फाट्यावर वळताना, बंडीला (बैलगाडीला) बाजू द्यायला साइडपट्टीवर उतरताना, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला रोही (नीलगाय) आडवा आल्यावर दचकून ब्रेक दाबताना, नाहीतर अंगणात स्टँड नीट न लागल्यामुळे. गाडी एका बाजूला कलते आणि त्या बाजूचा पाय खाली राहतो. साधी स्प्लेंडर म्हटली तरी ११२ किलोच्या आसपास वजन आहे. वरून चालवणाऱ्याचं वजन. खाली डांबर, वर फूटरेस्टचा लोखंडी दांडा आणि मधे घोटा.

घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. आत्ता बोट लावून बघा, तिथं मांस नाहीच. कातडी, आणि कातडीखाली लगेच हाड. मांडीला खरचटलं तर खपली धरते आणि बरं होतं. घोट्यावरची कातडी हातभर घसरण्यातच निघून जाते आणि हाड दिसायला लागतं. टाके घालून ती जखम मिटत नाही, कारण ओढून जुळवायला कातडीच शिल्लक नसते. अशा रुग्णाला यवतमाळ किंवा नागपूरला पाठवावं लागतं, दुसरीकडची कातडी काढून तिथं लावतात, आणि तो माणूस कित्येक आठवडे कामाला जात नाही. जखमेत गेलेली खडी वेगळीच. सलाइननं धुवायचं, ब्रशनं घासायचं, उरलेले कण चिमट्यानं एकेक वेचायचे. भूल दिली तरी माणूस टेबलाची कड घट्ट धरून ठेवतो. कण आत राहिले तर वरून कातडी भरते आणि खाली काळा डाग जन्माचा राहतो. हे सगळं दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या चामड्यानं बऱ्याच अंशी टळतं. बूट तेवढ्या अंतरात घासून जातो, पण बूट दुसरा घेता येतो.

चपलेबद्दल जास्त बोलत नाही. आदळताक्षणीच ती पायातून निघते आणि पुढचं सगळं अनवाणी होतं. पावसात ओला पाय चपलेवर सरकतो आणि ओली चप्पल ब्रेकच्या पेडलवर सरकते, म्हणजे घसरायला दोन जागा. काही गाड्यांचा गिअर पायाच्या बोटांनी खालून वर उचलावा लागतो. चपलेत तो लिव्हर थेट नखावर येतो. सँडलला मागं पट्टा असेल तर ती निदान पायात राहते, एवढाच तिचा गुण. फोमचे ते भोकाभोकांचे क्लॉगही चपलेतच धरा. वजनाला हलके, धुवायला सोपे, पण बाभळीचा काटा त्यातून आरपार जातो आणि पडल्यावर ते पायात राहत नाहीत.

इथं एक गैरसमज काढून टाकतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘दंडही होतो म्हणे’ असं आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दंड वाढले तेव्हा चप्पल, लुंगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला तरी चलान फाडतात अशी अफवा उठली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नितीन गडकरींच्या कार्यालयानं जाहीर खुलासा केला की कायद्यात तशी तरतूद नाही. तेव्हा चप्पल सोडायची ती पोलिसाच्या भीतीनं नको. हेल्मेटचं मात्र तसं नाही. ते कायद्यात आहे आणि पायापेक्षा डोकं आधी, हे सांगायची गरज नसावी.

आता दुकानदार पुढे करतो त्या स्पोर्ट्स शूजकडे येऊ. चपलेपेक्षा ते नक्कीच बरे. पायात राहतात, बोटं झाकतात, सोल पकडतो. पण वरची जाळी नायलॉन-पॉलिस्टरची असते. डांबरावर घासली की ती क्षणात फाटते, कधी घर्षणाच्या उष्णतेनं वितळून कातडीला चिकटते. ते सोडवणं रुग्णालाही त्रासाचं आणि मलाही. शिवाय घोटा उघडाच. चालायला म्हणून केलेला बूट मधोमध सहज मुरगळतो. गाडीखाली पाय सापडला तर तो मुरगळ थेट पायाला मिळतो. कॅनव्हासचे बूट यांच्याही खाली. हाफिसात घालतात ते गुळगुळीत सोलचे काळे फॉर्मल बूट तर ओल्या फूटरेस्टवर फार वाईट सरकतात, वरचं चामडं चांगलं असलं तरी.

भाऊजींचा सल्ला मला मित्राच्या सल्ल्यापेक्षा बरा वाटतो. सेफ्टी शूज मोटरसायकलसाठी केलेले नसतात, पण तुमच्या पैशात तेवढं चामडं आणि तेवढा धड सोल दुसऱ्या कशात मिळत नाही. घेताना आयएसआय शिक्का आणि खाली आयएस १५२९८ हा क्रमांक बघा. त्याच्या भाग २ मधल्या बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात झेलण्यासाठी तपासलेली असते. साधारण वीस किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तर जेवढा दणका बसेल तेवढा. टोपी दबून बोटं कापली जातात असं सांगणारे तुम्हाला भेटतील. त्यांना म्हणावं, टोपी दबेल एवढा भार आला तर साध्या बुटातली बोटं त्याच्या आधीच चिरडलेली असतात.

पण सेफ्टी शूज घेताना तीन ठिकाणी माणूस फसतो. बहुतेक दुकानांत जे समोर मांडलेले असतात ते ‘लो अँकल’ असतात, म्हणजे बूट घोट्याच्या हाडाच्या खालीच संपतो. मग आपण एवढं बोललो त्याचा उपयोग काय? ‘हाय अँकल’ मागा. नसेल तर मागवून घ्या. दुसरं, टोपीमुळे बुटाचं नाक उंच होतं. तुमच्या गाडीला पुढून-मागून दोन्हीकडून दाबायचा लांब लिव्हर असेल तर काही अडत नाही, कारण वरचा-खालचा गिअर बोटांनी नाहीतर टाचेनं दाबूनच पडतो. पण एकेरी छोटा लिव्हर असेल तर त्याच्याखाली ते नाक घुसत नाही, आणि ऐन वेळी गिअर बदलायला उशीर होतो. त्याचा उपाय पुढे सांगतो.

तिसरं फसणं सोलचं. यातले बरेचसे सोल पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे असतात. हलके आणि पायाला मऊ. पण हे पीयू हवेतल्या ओलाव्यानं हळूहळू आतून कुजतं, आणि न वापरता पडून राहिलेला बूट तर लवकर. तीन-चार वर्षं गोदामात पडलेला नवाकोरा जोड सवलतीत मिळाला म्हणून लोक उचलतात आणि महिन्याभरात चालता चालता सोलचा भुगा पडायला लागतो. गाडीवर असताना पडला तर पाय पेडलवरूनच जातो. सेफ्टी शूजवर बनवल्याची तारीख छापलेली असते, आत शिवलेल्या पट्टीवर किंवा सोलवर. ती वाचूनच घ्या. रबरी सोल मिळाला तर थोडा जड पडेल, पण ओल्यात तो जास्त धरतो आणि सायलेन्सरला टेकला तरी लगेच वितळत नाही.

दुसरा पर्याय पोलीस-होमगार्डचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो: डीएमएस बूट. जाड चामडं, घोट्याच्या बरेच वर, रबरी सोल वरच्या भागावर साच्यातच ओतून बसवलेला, त्यामुळे तो सुटत नाही. टिकाऊपणाच्या बाबतीत मला अजूनही त्याच्या तोडीचं काही दिसत नाही. अडचण नाड्यांची. प्रत्येक उंबरठ्यावर भोका-भोकातून नाडी सोडत बसलात तर सातवी मीटिंग रात्री होईल. पण तालुक्याच्या बसस्टँडसमोर बसणाऱ्या चांभारदादांकडून त्याला आतल्या बाजूनं, म्हणजे घोट्याच्या आतल्या हाडाच्या जरा मागं, चेन बसवून घेता येते. नाडी एकदा पायाच्या मापानं बांधून ठेवायची आणि रोज फक्त चेन उघडायची. चेन पितळी किंवा चांगली जाड लावायला सांगा. पातळ प्लॅस्टिकची चिखलानं आठ दिवसांत अडकते. चेनच्या मागं चामड्याची पट्टी शिवून घ्या, नाहीतर धातू घोट्याला टोचतो.

तुमच्या जागी मी असतो तर बाजूला चेन किंवा रुंद इलॅस्टिक असलेला, घोट्याच्या वर येणारा साधा चामडी बूट घेतला असता. पँट वरून पडली की तो ऑफिसच्या बुटासारखाच दिसतो, साहेबही काही बोलत नाहीत, आणि उंबरठ्यावर पाच सेकंदांत निघतो. दोन हजारांच्या आत मिळतो. टोपी असली तर उत्तम, नसली तर अडून बसू नका. इलॅस्टिकवाला घेतलात तर एक लक्षात ठेवा, ते वर्ष-दीड वर्षात सैल पडतं. सैल पडलेला बूट पायातून निघतो, म्हणजे चपलेचाच प्रकार. तोवर चांभाराकडून नवं इलॅस्टिक लावून घ्या.

हे सगळं काही अटींवर अवलंबून आहे, ते आधीच सांगून टाकतो. तुम्ही हायवेवर जास्त असता आणि घरात शिरायचं काम नसतं, तर मी नाडीवाला उंच बूटच सांगितला असता. गाडी गिअरची नसून स्कूटी असती तर लिव्हरचा विचारच नव्हता. उलट स्कूटीवर पाय सारखा खाली टेकतो म्हणून सोलचा विचार जास्त करावा लागला असता. आणि घरात कुणाला, किंवा तुम्हालाच साखरेचा त्रास असेल तर बूट अर्धा नंबर मोठा, आत शिवण न टोचणारा घ्या आणि रात्री तळपाय रोज बघा. साखरवाल्याला फोड आलेला कळत नाही, आणि बुटातला फोड माझ्याकडे येतो तोवर त्याची जखम झालेली असते.

दुकानात काय बघायचं? संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. रोज घालता तेच मोजे घालून जा. बूट घालून, चेन लावून, खुर्चीवर बसा आणि सोबतच्या माणसाला टाच धरून जोरात खाली ओढायला सांगा. निघाला तर तो बूट गाडीसाठी बाद, कितीही सुंदर असो. मग बूट हातात घ्या, एका हातानं नाक आणि दुसऱ्यानं टाच धरून धुतलेला टॉवेल पिळता तसा पिळा. सहज पिळला गेला तर गाडीखाली तुमचा पायही तसाच पिळला जाईल. टाचेला मागून अंगठ्यानं दाबा, ती चेपता कामा नये. घोट्याचं हाड बाहेरून चाचपा, ते पूर्ण आत गेलंय ना. सोलला टाच आणि पंजा यांच्यात थोडी पायरी हवी, म्हणजे फूटरेस्टवर पाय मागं-पुढं सरकत नाही. मात्र टाच फार उंच नको.

हे झालं की दुकानदाराला म्हणा, दोन मिनिटं गाडीवर बसून बघतो. नाही म्हणत नाहीत. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद. डावा पाय लिव्हरवर नेऊन सगळे गिअर वर-खाली करा. उजव्या पायानं ब्रेक दाबा, पेडल कुठं धरायला लागतं ते तळव्याला कळलं पाहिजे. फार जाड सोलमध्ये ते कळत नाही आणि माणूस एकतर कमी दाबतो, नाहीतर चाक लॉक करतो. मग स्टँड काढून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बघा.

आता लिव्हरचा उपाय. नवा बूट जुन्यापेक्षा जाड असतो, पण लिव्हर आणि पेडल जुन्या चपलेच्या अंदाजानं बसवलेले असतात. गिअर लिव्हर ज्या दांड्यावर बसतो त्याला दाते असतात. मेकॅनिक एक बोल्ट सैल करतो, लिव्हर काढून एक दाता वर चढवून परत बसवतो. पाच मिनिटांचं काम, ओळखीचा असेल तर पैसेही घेत नाही. ब्रेक पेडलची उंचीही नटनं कमी-जास्त होते. मात्र त्यानंतर ब्रेकचा फ्री प्ले (ब्रेक लागायला लागेपर्यंतची पेडलची मोकळी हालचाल) आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का, दोन्ही तपासून घ्या. इतकं केलं तर ‘बुटात गिअर पडत नाही’ ही तक्रार बहुतेकांची जाते. तीच तक्रार करून किती जण परत चपलेवर गेलेत, विचारू नका.

नाडीवाला बूट घेतलात तर गाठीचा फासा बाहेरच्या बाजूला ठेवा, इंजिनकडे नको, आणि लोंबणारी टोकं आत खोचा. फासा गिअर लिव्हरच्या टोकात अडकला की गाडी थांबवताना पाय खालीच येत नाही आणि उभ्याउभ्या गाडी अंगावर घेतो माणूस. हसण्यासारखं वाटतं, पण मनगट मोडलेले येतात यानं.

उन्हाचं म्हणाल तर तक्रार खोटी नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. मला गावात अजूनही विचारतात, “भाऊ, एवढ्या उन्हातानात जोडे कायले घालता?” पण एक बघा, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय आपण दुपारी निघत नाही. का? हवा अंगापेक्षा गरम असली की वारा थंडावा देत नाही, भाजून काढतो. पायालाही तोच वारा लागतो, वर इंजिनची झळ आणि डांबराची. उघड्या पायाला गार वाटतं ते चालताना आणि झाडाखाली बसल्यावर. चालत्या गाडीवर नाही. बुटात त्रास होतो तो घामाचा, आणि त्याला इलाज आहे. बूट काळ्याऐवजी तपकिरी घ्या. नायलॉनचे मोजे टाका, जाड सुती घ्या, पिशवीत दुसरी जोडी ठेवा आणि दुपारच्या जेवणाला बदला. एवढ्या एका सवयीनं अर्धा त्रास जातो. प्रत्येक मीटिंगला बूट निघतो ही तुमची अडचण वाटते ना, उन्हाळ्यात तीच सोय आहे. दिवसातून आठ वेळा पायाला हवा लागते. बूट मात्र उन्हात ठेवू नका, ओसरीच्या सावलीला ठेवा. आणि घालण्याआधी उलटा करून झटका. विंचू उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडी गार अंधारी जागा शोधतोच.

पावसाळा वेगळा. काळ्या मातीचा चिखल तळव्याला थर-थर चिकटतो, पांदणीतून वीस पावलं चालून आलं की सोलच्या खाचा भरून तो सपाट होतो. तसाच पाय पेडलवर ठेवला की घसरला. गाडीवर बसण्याआधी फूटरेस्टच्या कडेवर किंवा दगडावर दोन्ही तळवे खरवडायची सवय लावा. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला, किरकोळ पैशात मिळतं. खाचा रुंद आणि अंतरावर असलेला सोल स्वतःहून चिखल टाकतो, बारीक नक्षीचा टाकत नाही. लोक पावसाळ्यात गमबूट घालून गाडी चालवतात. शेतात तो ठीक, पण गाडीवर टाच आत सरकते, आदळल्यावर तो चपलेइतक्याच सहज निघतो. अगदीच चिखलाचं गाव असेल तर गमबूट पिशवीत न्या आणि तिथं बदला. चामडी बूट भिजला तर चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत ठेवा, बोळे रात्री एकदा बदला, वाळल्यावर पॉलिश लावा. तेवढ्यासाठी एखादी जुनी जोडी अडीनडीला ठेवलेली बरी, कारण ओल्या बुटात सलग दोन दिवस पाय घातले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्याच म्हणून समजा.

घरची शेती असेल तर एक सूचना. गाडीवरचा चामडी बूट फवारणीला घालू नका. चामडं औषध शोषून घेतं, ते धुऊन निघत नाही, आणि मग दिवसभर घामेजल्या पायाला लागत राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. फवारणीला गमबूटच.

आता वहिनींच्या पायांकडे येतो. साडी नेसून एका बाजूनं बसणाऱ्या बाईचे दोन्ही पाय डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ असतात. चपलेचा पट्टा, साडीचा काठ आणि टाच, तिन्ही चाकाच्या तारांपासून वीतभर. मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं नसावं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो. त्यासाठीची जाळी कंपनीनंच दिलेली असते. पण ‘गाडी भारी दिसत नाही’ म्हणून पोरं ती काढून टाकतात. तुमची असेल काढलेली, तर बुटाच्या आधी ती लावा. त्या जाळीला खाली पाय ठेवायची पट्टी असते. दोन्ही पाय तिच्यावर टेकतात ना, की एक लोंबकळतो, ते रविवारी निघण्याआधी बघा. त्यांना पूर्ण बूट घालायला सांगून काही होणार नाही, पण मागं पट्टा असलेली, सपाट सोलची, बोटं झाकणारी सँडल त्या घालतील. उंच टाचेची नको, ती पट्टीच्या कडेला अडकते.

त्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणार असतील, ड्रेसवर, तर उजवीकडे सायलेन्सर आहे. उतरताना पोटरी टेकली की भाजतंच. तसं झालं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली पाय धरायचा. पेस्ट, शाई, हळद-तेल काहीही लावून माझ्याकडे आणू नका. ते खरवडून काढतानाच जास्त दुखतं.

आणि पुढेमागे लेकरू मधे किंवा मागे बसायला लागलं तर टाचेची काळजी घ्या. लहान मुलाचा पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाही, तो लोंबतो, झोप लागली की चाकात जातो. तारांमध्ये सापडलेली टाच मी पाहिलीय. टाचेखालची जाड गादी फाटली की तिच्या जागी लावायला तशी कातडी अंगावर दुसरीकडे मिळणं अवघड असतं. लेकराला मागं पट्टा असलेले बंद बूट घाला, मधे दोघांच्या बसवा, आणि जाळी उजव्या बाजूलाही लावून घ्या. कंपनी सहसा डावीकडचीच देते, पण कुठलाही वेल्डिंगवाला बारीक जाळीची चौकट करून उजवीकडे सायलेन्सरच्या वरून बसवून देतो. बोल्टांना स्प्रिंग वॉशर टाकायला सांगा आणि दर सर्व्हिसिंगला आवळून घ्या, खराब रस्त्यानं ते सैल होतात.

तुमची गाडी नेमकी कोणती आणि तिला लिव्हर एकेरी की दुहेरी ते कळवलंत तर टोपीचा घ्यावा की बिनटोपीचा, तेवढं नक्की सांगता येईल. अंगठ्याची जखम अजून ओली असेल तर ती सुकेपर्यंत बंद बूट घालू नका. सुट्टी काढा, नाहीतर बसनं जा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आजच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.